नोकरीतलं शिकणं : वेळ कोणाचा, पैसा कोणाचा?



गणपतीत किंवा मे महिन्यात श्रीवर्धनच्या कुठल्याही आळीत जा, एक दृश्य हमखास दिसेल. पुण्याहून आलेली नात पडवीतल्या झोपाळ्यावर बसलेली असते. मांडीवर लॅपटॉप, कानात इयरफोन. आजोबा दोन-तीनदा येऊन बघून जातात आणि शेवटी न राहवून विचारतात, ‘‘अगो, तुला नोकरी लागून तीन वर्षं झाली ना? मग अजून परीक्षा कसल्या देतेस?’’ नात म्हणते, ‘‘आजोबा, कंपनीचा कोर्स आहे. महिनाअखेरपर्यंत पुरा करायचाय.’’ त्यावर आजोबा म्हणतात, ‘‘मग तो कंपनीत बसून करावा. सुट्टी तुझी की कंपनीची?’’

आजोबांनी हा प्रश्न सहज विचारला असेल, पण आजच्या भाषणाचा सगळा विषय त्यात आला आहे. संगणक आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत काम करणाऱ्या माणसाला जन्मभर शिकावं लागतं, हे आता आपण ऐकून आहोत. पण हे शिकणं कोणाच्या वेळात व्हायचं? त्याचा खर्च कोणी करायचा? शिकलेला माणूस सोडून गेला तर कंपनीने काय करायचं, आणि कंपनीने शिकवलंच नाही तर माणसाने काय करायचं? श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या भागातली शेकडो मुलं-मुली आज पुणे, मुंबई, नवी मुंबईत या नोकऱ्या करतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

पुन्हा पुन्हा का शिकावं लागतं?

आपल्या पिढीचा हिशेब सोपा होता. आधी शिक्षण, मग नोकरी, मग निवृत्ती. वाडीत पोफळ लावली की पाच-सात वर्षं तिची निगा राखायची आणि पुढे कित्येक वर्षं उत्पन्न घ्यायचं, तसाच हा हिशेब. संगणकाच्या क्षेत्रात तो चालत नाही. का चालत नाही, ते एका उदाहरणावरून पाहू.

१९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्याकडच्या हजारो तरुणांना ‘वाय-टू-के’ने काम दिलं. जुन्या संगणकांत साल लिहिताना शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत. २००० साल उजाडल्यावर संगणकाने ‘००’ हे १९०० समजू नये, म्हणून लाखो ओळींच्या जुन्या आज्ञावल्या तपासून दुरुस्त करायच्या होत्या. त्यातल्या पुष्कळशा कोबोल या भाषेत होत्या. कोबोल येणाऱ्याला तेव्हा मोठी मागणी होती. १ जानेवारी २००० ही तारीख उलटली आणि ते काम बघता बघता ओसरलं. ज्यांनी मधल्या काळात इंटरनेटसाठी लागणारं तंत्र शिकून घेतलं होतं, त्यांचं चालू राहिलं. ज्यांनी शिकलं नाही, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. पुढे स्मार्टफोन आला, मग कंपनीतले संगणक जाऊन त्यांच्या जागी दूरच्या केंद्रातले भाड्याचे संगणक आले, ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. प्रत्येक लाटेने काही कामं नेली, काही आणली.

इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. शिकण्याचे दोन प्रकार असतात. एक हत्यार चालवण्याचं शिक्षण आणि दुसरं कामाच्या मुळाचं शिक्षण. अमुक कंपनीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं, हे पहिल्या प्रकारात येतं. माहिती साठवायची तर तिची मांडणी कशी करावी, चूक शोधायची तर कुठून सुरुवात करावी, ग्राहक सांगतो त्यातून त्याला नेमकं काय हवंय ते कसं ओळखावं, हे दुसऱ्या प्रकारात येतं. हत्यारं चार-पाच वर्षांत बदलतात. मूळ सावकाश बदलतं. कंपनीला बहुधा उद्याच्या कामापुरतं हत्यार शिकवण्याची घाई असते. कर्मचाऱ्याला मात्र पुढच्या वीस वर्षांसाठी मुळाची गरज असते. या ओढाताणीतूनच बाकीचे सगळे प्रश्न निघतात.

कारखान्यापासून संगणकापर्यंत

नोकरीत माणसं घडवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९६० च्या दशकात टेल्कोने पुण्यात पाय रोवले, तेव्हा सुमंत मूळगावकरांनी उमेदवारांच्या प्रशिक्षणावर सुरुवातीपासून भर दिला. यंत्रं विकत मिळतात, कसबी हात मात्र घडवावे लागतात, हे त्यामागचं साधं तत्त्व होतं. १९६१ साली देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा, म्हणजे अप्रेंटिस अ‍ॅक्ट झाला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविका घेतलेले अभियंतेही त्यात आले.

संगणकाच्या क्षेत्रात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली सुरू झाली. तिला आकार देणाऱ्या फकीरचंद कोहली यांच्या काळात, १९८१ साली, पुण्यात टाटा संशोधन विकास व आराखडा केंद्र उभं राहिलं. १९८८ साली पुण्यातच ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, म्हणून आपणच तो बांधायचं ठरलं. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. तो बांधणाऱ्या तरुणांना हे काम आधी कोणी शिकवलेलं नव्हतं. ती माणसं काम करता करता शिकली. पुढे १९९३ मध्ये सी-डॅकने प्रगत संगणनाची प्रशिक्षण शाळा काढली. अभियांत्रिकीची पदवी घेऊनही काम न येणाऱ्या मुलांना काही महिने कसून तयार करणारा तिचा अभ्यासक्रम आजही नोकरीचं दार मानला जातो.

मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या शाळा काढल्या. इन्फोसिसने म्हैसूरला मोठं निवासी प्रशिक्षण केंद्र उभारलं. तिथे हजारो नवे पदवीधर पगार घेत काही महिने शिकतात. विप्रोने १९९५ मध्ये पिलानीच्या बिट्स संस्थेबरोबर एक योजना आखली. बी.एस्सी. झालेल्या मुलांना नोकरीत घ्यायचं, आणि काम करता करता चार वर्षांत त्यांना सॉफ्टवेअरची पदव्युत्तर पदवी मिळवून द्यायची. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे इंजिनिअरिंगला जाता न आलेल्या किती तरी मुलांचं भवितव्य अशा योजनांनी बदललं. तमिळनाडूतल्या झोहो कंपनीने तर २००५ च्या सुमारास बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना थेट घेऊन, फी न आकारता, उलट विद्यावेतन देऊन शिकवायला सुरुवात केली. त्या कंपनीने पुढे तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात कचेरीही थाटली. श्रीवर्धनसारख्या गावातल्या पालकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

चांगली व्यवस्था कशी ओळखावी?

आता मुद्द्याकडे येऊ. कंपनी माणसांच्या शिकण्याला खरोखर हातभार लावते की नुसता देखावा करते, हे कसं ओळखायचं?

पहिली खूण वेळाची. बहुतेक कंपन्यांत आज हजारो ऑनलाइन कोर्स फुकट उपलब्ध असतात. पण दिवसाचे नऊ-दहा तास काम, दोन तास प्रवास आणि त्यानंतर रात्री अकराला कोर्स, अशी व्यवस्था असेल तर कोर्स असून नसल्यासारखे आहेत. शिकणं कामाचा भाग असेल, तर त्याला कामाच्या वेळात जागा हवी. आठवड्यातून तीन तास का होईना, वेळापत्रकात लिहिलेले हवेत, आणि ग्राहकाची घाई आली की सर्वांत आधी तेच कापले जाता कामा नयेत. हे तास राखणं वरच्या साहेबाच्या भाषणावर अवलंबून नसतं. जवळचा टीम लीडर ते राखतो की नाही, यावर ते ठरतं. म्हणून टीम लीडरचं काम जोखताना त्याच्या हाताखाली किती जण नवं काही शिकले, हेही पाहिलं गेलं पाहिजे.

दुसरी खूण शेजारच्या माणसाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कसबी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली. तेव्हा १९४० साली कारखान्यातल्या कारखान्यात शिकवण्याची एक सरकारी योजना सुरू झाली. तिने मुकादमांना शिकवण्याच्या चार पायऱ्या शिकवल्या. आधी शिकणाऱ्याची भीड मोडून त्याची तयारी करायची. मग काम करून दाखवायचं आणि का ते सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं. शेवटी त्याला एकट्याला सोडायचं, पण अधूनमधून येऊन बघायचं. शिकणाऱ्याला आलं नाही, तर शिकवणं कमी पडलं असं समजायचं. ही रीत युद्धानंतर जपानने उचलली आणि तिथल्या कारखान्यांत ती मुरली. आज सॉफ्टवेअर कंपनीत ज्याला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात, म्हणजे कनिष्ठाने लिहिलेली आज्ञावली ज्येष्ठाने ओळीओळीने तपासायची, ते चांगल्या रीतीने केलं तर याच चार पायऱ्यांचं काम करतं. ‘हे चुकलंय, बदल’ एवढंच लिहिलं तर कोणी काही शिकत नाही. ‘हे का चुकलं आणि माणसं वाढल्यावर इथे काय होईल’ हे सांगितलं, तर दहा मिनिटांत एका कोर्सइतकं शिकणं होतं.

तिसरी खूण उजळणीची. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं, आणि मध्ये मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर ते टिकतं. हॉटेलात सलग दोन दिवस शिबिर घ्यायचं, जेवण द्यायचं, प्रमाणपत्र द्यायचं आणि नंतर त्या विषयाशी सहा महिने संबंध नाही, असं झालं तर ते पैसे वाया गेले असं समजावं. शिकलेलं पुढच्या पंधरवड्यात प्रत्यक्ष कामात वापरायला मिळणं, ही त्याची खरी उजळणी.

चौथी खूण पैशांची. परीक्षेची फी, पुस्तकं, चांगल्या अभ्यासक्रमाची वर्गणी कंपनी देते का? आणि आधी देते की पास झाल्यावर परत करते? ज्याच्या घरी पगारावर कर्जाचा हप्ता आणि गावच्या घराचा खर्च आहे, त्याला ‘आधी तुम्ही भरा, मग बघू’ ही सवलत वापरताच येत नाही.

तास मोजायचे की काम?

कंपन्यांना आकडे आवडतात. ‘आमच्या कर्मचाऱ्यांनी यंदा इतके लाख तास प्रशिक्षण घेतलं’ अशी वाक्यं वार्षिक अहवालांत छापली जातात. पण तास मोजल्याने शिकणं मोजलं जात नाही. लक्ष्य ठरवून दिलं की माणसं व्हिडिओ लावून ठेवतात आणि चहाला जातात, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

अमेरिकेतले डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. माणसांना ते आवडलं का? त्यांना ते कळलं का? त्यांच्या काम करण्यात फरक पडला का? आणि त्या फरकामुळे संस्थेला काही फळ मिळालं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका फॉर्मवर मिळतं, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. तिसऱ्या प्रश्नासाठी तीन महिन्यांनी त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन बघावं लागतं. पूर्वी ज्या कामाला वरिष्ठाला बोलवावं लागे, ते तो आता एकटा करतो का? एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

बाँड नावाची दोरी

आता कंपनीची बाजूही समजून घेऊ. मालक म्हणतो, ‘‘मी खर्च करून शिकवायचं आणि सहा महिन्यांत त्याने शेजारच्या कंपनीत जास्त पगारावर जायचं, हा कुठला न्याय?’’ ही तक्रार खोटी नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा विचार केला आहे. त्यांच्या मते, जे कौशल्य फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडतं त्यावर मालक खुशीने खर्च करतो. जे कुठेही चालतं, त्याचा खर्च या ना त्या रूपाने शिकणाऱ्यावरच पडतो. कधी तो कमी पगाराच्या रूपाने पडतो, कधी बाँडच्या रूपाने.

बाँडचा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे १९६७ साली आला होता. कल्याणच्या कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचं तंत्र सेंच्युरी कंपनीने हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून घेतलं होतं. पाच वर्षांच्या कराराने नेमलेला पाळीवरचा एक पर्यवेक्षक ते तंत्र शिकला आणि १९६४ मध्ये मुदतीआधीच जास्त पगारावर राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. कराराच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे तेच काम करू नये, ही अट बेकायदा नाही असं ठरलं. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणातही तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली.

याचा अर्थ प्रत्येक बाँड आंधळेपणाने पाळावा लागतो, असा मात्र नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम २७ नुसार, नोकरी संपल्यानंतर माणसाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारी अट सामान्यतः टिकत नाही. कलम ७४ नुसार, करारात दंडाचा मोठा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मागता येते. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी नीट वाचाव्यात. मुदत किती? रक्कम किती, आणि महिने सरतील तशी ती कमी होते का? आणि त्या बदल्यात नेमकं कोणतं प्रशिक्षण मिळणार, हे लिहिलंय का? नुसती कंपनीची ओळख करून देणारे पंधरा दिवस आणि त्यासाठी दोन वर्षांची बांधिलकी, हा सौदा बरोबरीचा नाही. आणखी एक गोष्ट. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. दाखवावीत आणि प्रती द्याव्यात. आपल्याकडच्या मुलांना पहिल्या नोकरीच्या आनंदात हे सांगणारं कोणी नसतं. ते काम घरच्यांनी करावं.

अनुभव असा, की शिकवणाऱ्या कंपनीतून माणसं जातात, पण नुसता बाँड घालणाऱ्या कंपनीतून मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जातात. शिकलेल्या माणसाला शिकलेलं वापरायला मिळालं आणि त्याच्या पगारात आणि पदात त्याची दखल घेतली गेली, तर थांबणारे बरेच थांबतात.

मागे राहतात ते कोण?

या सगळ्या व्यवस्थेतून काही जण निसटतात. पहिले कंत्राटी कर्मचारी. ते त्याच मजल्यावर, त्याच कामावर असतात, पण प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. दुसऱ्या, बाळंतपणाहून परतणाऱ्या स्त्रिया. २०१७ पासून प्रसूतीची २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, ही मोठी सोय झाली. पण परतल्यावर काम बदललेलं असतं, हत्यारं बदललेली असतात, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून जुन्या वेगाची अपेक्षा केली जाते. परतल्यावर महिनाभर तिला शिकण्यासाठी राखून दिला, तर अनुभवी माणूस हातचा जात नाही. तिसरे, चाळिशी ओलांडलेले. त्यांना व्यवस्थापनात ढकललं जातं, हाताने करायचं काम सुटतं, आणि मग एक दिवस ‘तुमचं कौशल्य जुनं झालं’ असं सांगितलं जातं.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त होते. काही कौशल्यांना जुळेल असं काम नाही, हे कारण तेव्हा दिलं गेलं. पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या माणसाचं कौशल्य एका रात्रीत जुनं होत नाही. ते हळूहळू होत असतं. तेव्हा लक्ष द्यायचं काम दोघांचं असतं, त्याचं आणि कंपनीचं.

इतर देशांनी यावर काही उपाय केले आहेत. फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रत्येक काम करणाऱ्याच्या नावाने प्रशिक्षणाचं खातं असतं, आणि नोकरी बदलली तरी ते त्याच्याबरोबर जातं. सिंगापूरने २०१५ मध्ये सुरू केलेल्या योजनेत २५ वर्षांवरच्या नागरिकांना शिकण्यासाठी ५०० डॉलर दिले, आणि २०२४ मध्ये चाळिशीपुढच्यांना आणखी ४,००० डॉलर दिले. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराची कपात झाली, तर मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यासाठी द्यायची आहे. सुरुवात म्हणून हे ठीक आहे. पण १५ दिवसांच्या वेतनात नवी विद्या येत नाही. शिवाय ही मदत नोकरी गेल्यानंतरची आहे. खरी गरज ती असतानाची असते.

श्रीवर्धनमध्ये काय करता येईल?

हे सगळं पुण्या-मुंबईपुरतंच आहे असं समजू नका. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे एमकेसीएलचा ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम २००२ पासून गावोगावी पोचला. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी, तलाठ्यांनी, बँकेतल्या लोकांनी नोकरीत असतानाच त्यातून संगणक हाताळायला सुरुवात केली. माणगाव तालुक्यात लोणेरे इथे १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर २०१७ पासून आयआयटीतल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच फी भरावी लागते.

गावात दोन-चार माणसांनिशी संगणक दुरुस्ती, वेबसाइट किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम करणारेही आता आहेत. त्यांना वाटतं, प्रशिक्षण हा मोठ्या कंपन्यांचा थाट. पण लहान जागी ते जास्त सोपं असतं. आठवड्यातला एक तास ठरवावा. त्या तासात दुकान अर्धं उघडं ठेवावं. प्रत्येकाने आळीपाळीने एक नवी गोष्ट इतरांना करून दाखवावी, आणि अडलेल्या कामांची एक वही ठेवावी. वर्षाच्या शेवटी ती वही हाच त्या दुकानाचा अभ्यासक्रम होतो. आणि एखादा मुलगा शिकून पुण्याला गेला तर वाईट वाटून घेऊ नये. त्याने जाताना पुढच्याला शिकवून जावं, एवढं मागावं.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपण कोणी विसरणार नाही. टाळेबंदीमुळे गावी आलेली मुलं घरून काम करत होती, आणि एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हता. वादळानंतर वाड्या नव्याने लावताना जुन्या बागायतदारांनी एक गोष्ट पुन्हा सांगितली. पोफळीचं रोप उघड्यावर उन्हात लावून चालत नाही, ते होरपळतं. आधी केळी लावायची. केळीची सावली मिळाली की रोप धरतं. पूर्वी उभ्या पोफळींच्या मधोमध नवी रोपं लावत, म्हणजे जुन्या झाडांची सावली आयतीच मिळे. वादळात ती जुनी झाडंच गेली, म्हणून सावली मुद्दाम करावी लागली.

कंपन्यांचंही असंच झालं आहे. पूर्वी ज्येष्ठाच्या शेजारी बसून कनिष्ठ आपोआप शिकत असे. आता काही माणसं घरून काम करतात, ज्येष्ठांची संख्या कमी होत आहे, आणि नवख्याने करून शिकावीत अशी सोपी कामं यंत्राकडे जात आहेत. आपोआप मिळणारी सावली गेली. ती आता मुद्दाम, वेळ आणि पैसा काढून, करावी लागेल. ज्या कंपन्या ते करणार नाहीत, त्यांना दहा वर्षांनी अनुभवी माणसं बाजारात शोधून सापडणार नाहीत, कारण ती कोणीच घडवलेली नसतील.

आता झोपाळ्यावरच्या नातीकडे परत जाऊ. आजोबा, तुमचा प्रश्न रास्त आहे. कंपनीच्या कामाचा कोर्स कंपनीच्या वेळात व्हायला हवा, आणि तसं टीम लीडरला सांगायला तिने कचरू नये. पण तिने स्वतःच्या आवडीने, स्वतःच्या पुढच्या वीस वर्षांसाठी काही शिकायला घेतलं असेल, तर सुट्टीतला तासभर तिला द्या. आणि जमलं तर शेजारी बसून विचारा, ‘‘अगो, मलाही समजेल असं सांग बघू, काय शिकतेयस ते.’’ दुसऱ्याला सांगता आलं की आपल्याला आलं, ही परीक्षा कुठल्याही कोर्सपेक्षा जुनी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)